दस्तीखालचा हात

आमच्या ग्रामपंचायतीत ठरावांची एक नोंदवही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. तिच्या एका पानावर माझं नाव आहे. सूचक म्हणून मी, आणि खाली अनुमोदकाच्या जागी नुसती आडवी रेघ. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात माणूस मावत नव्हता. हात वर करा म्हटल्यावर वर न गेलेला हात मला तरी दिसला नव्हता. आता त्यातला एकही हात सापडत नाही. चहाच्या टपरीवर मी गेलो की बोलणं थांबतं आणि मी उठलो की पुन्हा सुरू होतं. आण्णानं गाव बुडवलं, एवढंच त्यात असतं, हे मला न ऐकताही कळतं.

म्हणून हे लिहितो आहे. शाळा माझी सातवीपर्यंतची, पण ट्रकच्या केबिनमध्ये बसून मी वर्तमानपत्रं पुष्कळ वाचली आहेत, आणि जे झालं ते सरळ सांगता येण्याएवढं लिहिता येतं.

केंद्र सरकारची योजना होती. रेल्वे आणि महामार्ग जिथं एकमेकांजवळ येतात, तिथं मालधक्का बांधायचा. शेजारी गोदामं, एक शीतगृह, ट्रक उभे करायला तळ. कांदा, कापसाच्या गाठी, सोयाबीन ट्रकनं तिथं यायचं आणि रेल्वेनं देशभर जायचं. खत आणि सिमेंट रेल्वेनं यायचं आणि ट्रकनं गावोगाव जायचं. कागदावर तिचं नाव मल्टिमोडल वगैरे होतं, पण गावात सगळे मालधक्काच म्हणायचे. बीडला रेल्वे येणार हे ऐकत माझे वडील म्हातारे झाले आणि ऐकतच गेले. ती खरंच आली तेव्हा मी रुळांवर हात ठेवून पाहिला होता. त्यामुळे मालधक्काही येईल यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला नाही.

पैसा दिल्लीचा, पण जागा इथली लागणार होती. आमच्या गावाचं गायरान, म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन, रुळांना लागून आहे, सपाट आहे आणि महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिचा खालचा अर्धा भाग योजनेला द्यायला हरकत नाही आणि गावाचा योजनेला पाठिंबा आहे, असा ग्रामसभेचा ठराव त्यांना हवा होता. मोजणीवाले येऊन गायरानात पांढरा रंग दिलेले दगड पुरून गेले होते. आमच्या शेळ्या त्या दगडांना अंग घासायच्या.

माझं त्यात काय होतं, तेही सांगतो. माझ्याकडे तीन ट्रक आहेत. परळीहून राख भरून वीटभट्ट्यांवर टाकायची, हंगामात कांदा न्यायचा, असं चालतं. पण ट्रकसाठी मी एवढा जीव टाकला नसता. माझा मुलगा चाकणला एका मोठ्या गोदामात आहे. माल उचलायची गाडी चालवता चालवता आता तिथला पाळीप्रमुख झाला आहे. एका खोलीत चौघं राहतात, म्हणून सून आणि नात आमच्याजवळ गावात होत्या. मुलगा दर रविवारी सकाळी फोन करायचा. सून बोलायची, नात बोलायची, शेवटी मी. आणि तो एकच विचारायचा, "आण्णा, मालधक्क्याचं काय झालं?" मालधक्का झाला तर तो येणार होता. त्याच कामाचा माणूस, घरापासून चालत जाण्याएवढं काम. नाहीतर नात पहिलीत जायच्या आधी तो दोघींना घेऊन जाणार होता. नात तेव्हा बालवाडीत होती. माझ्या हातात किती दिवस होते, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आता बाजाराचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझे वडील शेळ्या-मेंढ्या राखायचे. मी त्यांच्याबरोबर पाटोद्याच्या बाजाराला जायचो. आमच्याकडे जनावराचा सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचे हात धरतात, वरून खांद्यावरची दस्ती टाकतात आणि कापडाखाली बोटं दाबून भाव सांगतात. भोवती वीस माणसं डोळे लावून उभी असतात, पण आत काय चाललं आहे ते दोघांखेरीज कुणाला समजत नाही. याचे नियम आहेत. ज्याचा हात दस्तीखाली गेला, त्यानं जुळलं किंवा तुटलं हे तोंडानं सांगेपर्यंत दुसऱ्याच्या जनावराला हात लावायचा नाही. भाव पटला नाही तर विकणाऱ्यानं हात काढायचा, जनावराचं दावं धरायचं आणि चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. घेणाऱ्याला खरी गरज असली तर तो हाक मारतो. वळून बघितलं की गरज कुणाची आहे ते त्याला कळतं, आणि मग हाक येते ती कमी भावाची.

माझे वडील वळून बघायचे. दरवेळी. दहा पावलं चालले की मान वळायचीच. मी पोरवयात ते बघून दात खायचो. मी स्वतः सौदे करायला लागलो तेव्हापासून आजवर एकदाही वळून बघितलेलं नाही. शेळ्यांची दलाली, मग एक जुना टेम्पो, मग ट्रक, हे सगळं मी त्या न वळलेल्या मानेवर उभं केलं. ट्रक विकणारा असो, वीटभट्टीवाला असो, हात काढून चालू लागलो की हाक आली. एखाद्या वेळी हाक आली नाही, तर तेवढ्यापुरतं नुकसान सोसलं. मुलालाही मी हेच शिकवलं होतं.

ग्रामसभेला रेल्वेकडून नव्हे, पण योजनेच्या कामासाठी नेमलेले एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पुण्याकडचा असावा, बोलणं स्वच्छ, बुटांना आमची माती लागू नये म्हणून जपून चालणारा. टेबलावर नकाशा पसरून त्यांनी सगळं नीट समजावलं. तीन गावांच्या जागा बघितल्या आहेत, तुमची सगळ्यांत चांगली आहे, पण स्थानिक पाठिंबा किती आणि किती लवकर मिळतो यावर पुढचं ठरतं, असं ते म्हणाले. आमच्या सरपंचबाई शेजारी बसल्या होत्या. बाई बड्या जमीनदार घरातल्या, बारावी शिकलेल्या, कामाला चोख. त्यांनी ठरावाचा मसुदा लिहूनच आणला होता. तो तेव्हाच मंजूर झाला असता.

मी उठलो. मी सदस्य आहे, बोलायचा माझा हक्क होता. मी तीन गोष्टी मागितल्या. मालधक्क्यावरच्या मालवाहतुकीत गावच्या ट्रकना आधी काम द्यावं. गोदामांतल्या नोकऱ्यांत गावच्या पोरांना जागा राखाव्यात. आणि रुळांपलीकडच्या माळावर शेळ्या-मेंढ्यांना जाता यावं म्हणून रुळांखालून एक बोगदा ठेवावा. आजही कुणी मला सांगावं, यातलं काय चुकीचं होतं?

साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "मागण्या रास्त आहेत. अटींचं नंतर बघू. आधी विनाअट पाठिंब्याचा ठराव द्या."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं आहे. जनावर आधी गाडीत चढवा, भावाचं बघू, म्हणणारे व्यापारी मी पुष्कळ पाहिले आहेत. माझं डोकं तापलं.

"सायेब," मी म्हणालो, "आमी बाजारात वाढलेली माणसं. माल हातातून गेल्यावर बोलायला काय ऱ्हातंय? तुमाला गायरान पायजे, तर गिऱ्हाइकावानी बोला."

सभा हसली. साहेबही थोडे हसले. मला हसण्यानं आणखी चेव आला. मी पुढं गेलो, खांद्यावरची दस्ती उजव्या हातावर टाकली आणि हात त्यांच्यापुढं केला. "माणसांत सांगायचं नसंल तर हितं सांगा. दस्तीखाली."

मागून एक म्हातारा ओरडला, "सायेब, बोटं मोजून घ्या माघारी!" आणि सगळं पटांगण खदखदलं.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांनी हसत हसत हात दस्तीखाली घातला आणि माझा हात पाच बोटांनी घट्ट धरला. "नक्की मार्ग काढू," ते म्हणाले. हात मऊ होता, बोटात अंगठी होती.

मी आता शहाण्यासारखं सांगू शकतो की त्यांनी फक्त हस्तांदोलन केलं. शहरातला सभ्य माणूस, एक खेडूत हात पुढं करतो आहे, त्याचा मान राखावा म्हणून त्यांनी हात दिला. पण त्या क्षणी मला आणि त्या पटांगणातल्या प्रत्येक बाप्याला एकच कळलं: साहेबांचा हात दस्तीखाली आला. आता ते जुळलं किंवा तुटलं म्हटल्याशिवाय दुसऱ्याच्या दाराला जायचे नाहीत.

मी हात काढला, दस्ती झटकली आणि ठराव मांडला. अटी मान्य झाल्यावरच ग्रामसभा पाठिंबा देईल. हात वर गेले. ग्रामसेवकानं अनुमोदकाचं नाव विचारलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "समदं गाव हाय, लिवा." ग्रामसेवकानं रेघ ओढली. पुढं मी त्या रेघेवरून त्याच्या अंगावर गेलो तेव्हा तो म्हणाला की सगळं गाव असं लिहायची सोय त्या वहीत नसते, नाव लागतं, आणि नाव कुणी दिलं नाही. हे तेव्हा का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणतो, तुमी ऐकायच्या तब्येतीत नव्हता.

त्यानंतर आम्ही वाट बघितली. आम्ही म्हणजे सगळं गाव. पहिले आठ दिवस मोठ्या रंगात गेले. टपरीवर मला चहा कुणी पैसे देऊन पिऊ देत नव्हतं. पारावरची पोरं एकमेकांच्या हातावर रुमाल टाकून साहेबाची नक्कल करायची. मी गायरानाकडे फिरायला जायचो आणि पांढऱ्या दगडांवर बसायचो. सुनेनं तर मालधक्का झाला की दुपारच्या जेवणाचे डबे करून द्यायचे, असं माझ्या बायकोशी ठरवूनही टाकलं होतं.

पंधरा दिवस झाल्यावर सरपंचबाई घरी आल्या. फोन करून बघू का, म्हणाल्या. मी म्हणालो, पहिला फोन त्यांचा आला पाहिजे. आणखी आठवड्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर विचारलं. दहाबारा माणसं बसली होती. बाईंच्या हातात मोबाईल होता, नंबर लावलेला.

"आण्णा, एक फोन करते. नुसतं विचारते, काय झालं म्हणून. त्यानं काय बिघडतंय?"

मी जे बोललो ते मला बोलायला नको होतं. मी म्हणालो, "बाई, तुमच्या घराला जमिनी आयत्या मिळाल्यात. तुमाला सौदा काय ठावं?"

 बाईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला, पर्सची साखळी ओढली आणि पदर सारखा करून निघून गेल्या. ओट्यावर बसलेल्यांपैकी कुणी हसलं नाही, आणि मला कुणी अडवलंही नाही.

बातमी मला माझ्याच ड्रायव्हरनं दिली. राखेची खेप टाकून येताना तो नदीपलीकडच्या गावात पंक्चर काढायला थांबला होता. त्या गावाचं गायरान खडकाळ, महामार्गापासून लांब. मी त्यांना कधी मोजलंच नव्हतं. तिथं देवळासमोर सभा झाली, एकमतानं विनाअट ठराव झाला, साहेबांच्या गळ्यात हार पडला आणि दोन पोरं मोटरसायकलवर ठराव घेऊन त्याच दिवशी बीडला पोचती झाली. ड्रायव्हर हे सगळं टायरकडे बघत सांगत होता. माझ्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नसावं.

मी म्हणालो, "खडकात कोन बांधतंय मालधक्का? येतील माघारी." आणि मला ते खरं वाटत होतं. त्या माणसाचा हात दस्तीखाली आला होता. त्यानं अजून तुटलं म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी गायरानात होतो. मोटरसायकलवर दोघं आले. पहार घेऊन त्यांनी पहिला पांढरा दगड उकरला. दुसरा उकरला. मी धावत गेलो आणि विचारलं, कावून काढताय? त्यातला एक अगदी अदबीनं म्हणाला की काका, आम्हाला नेमून दिलेलं काम आहे, खुणा काढून आणायच्यात. मी त्याच्या हातातली पहार धरली. त्यानं ओढली नाही. तो नुसता थांबला, जसं म्हाताऱ्या माणसाचा खोकला संपेपर्यंत थांबतात तसा. मग मी सोडली. त्यांनी सगळे दगड काढले. जड म्हणून तिथंच ढिगानं टाकून गेले. त्या जागी खड्डे राहिले, आणि पाऊस पडल्यावर त्यात शेळ्या पाणी प्यायला लागल्या.

त्या संध्याकाळी मी सरपंचबाईंच्या घरी गेलो. त्या वाटेनं मी आयुष्यात तीनचार वेळाच गेलो असेन. बाईंनी मला खुर्ची दिली. मी माफी मागितली नाही, मला ती मागता येत नाही, पण मी म्हणालो की आता फोन करा. बाईंनी लगेच लावला. नंबर बंद होता.

"मी त्याच दिवशी करणार होते, आण्णा," बाई म्हणाल्या. "घरी येऊन चोरून केला असता. पण तुमी माणसांत बोलला. मग मला वाटलं, आता झालं काय, न झालं काय, ते आण्णामुळंच झालं असं समद्यांना दिसू दे."

त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. म्हणून ते मला अजून ऐकू येतं. माझा राग त्या रेघेवर आहे, गावावर आहे, त्या साहेबावर आहे. बाईंवरही होता, पण तो कुठं ठेवावा ते मला अजून कळलेलं नाही.

बाईंनी विशेष ग्रामसभा लावली. शाळेच्या पटांगणात त्या दिवशी माणसं एवढी थोडी होती की गुरुजींनी वर्गातले बाक बाहेर काढू दिले नाहीत, आतच बसा म्हणाले. मी स्वतः विनाअट पाठिंब्याचा ठराव मांडला. ट्रकचं काम नको, राखीव जागा नकोत, बोगदा नको. अनुमोदक म्हणून बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. तो ठराव घेऊन मी आणि बाई माझ्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून बीडला गेलो. एवढ्या मोठ्या घरची बाई राखेनं भरलेल्या सीटवर पदर आवरून बसली होती. 

कार्यालयात ते साहेब नव्हते. त्यांची बदली झाली होती. कारकुनानं आमचा ठराव दोनदा वाचला, आवकचा शिक्का मारला आणि आमची प्रत परत दिली.

"छान ठराव आहे," तो म्हणाला. "आधी आला असता तर उपयोगी पडला असता. आता फाईलला लावून ठेवतो."

"सायबांनी हात दिला व्हता," मी म्हणालो.

कारकुनानं वर पाहिलं. "कशाला?"

 तीस वर्षं मी ज्या एका गोष्टीवर जगलो ती त्या टेबलासमोर उभं राहून समजावून सांगायला लागलो असतो तर मलाच हसू आलं असतं. बाई म्हणाल्या, चला आण्णा. आम्ही जिना उतरलो.

आता नदीपलीकडच्या गावात गायरानाला तारेचं कुंपण आहे आणि रस्त्याच्या कडेला मोठा फलक आहे. सपाटीकरण चालू आहे. मुरूम आणणारे ट्रक बाहेरचे आहेत, त्या गावच्या एकाही गाडीला काम मिळालेलं नाही. तिथले मेंढरंवाले कुंपणाला वळसा घालून, महामार्गाच्या कडेनं, गाड्यांचे हॉर्न खात कळप नेतात. मागल्या महिन्यात त्यांच्यातला एक मला पाटोद्याच्या बाजारात भेटला. तुमी कोणत्या अटी घातल्या होत्या, त्या लिहून देता का, आमी आता मागून बघतो, असं म्हणाला. मी त्याला चहाच्या टपरीवर बसवून, त्याच्या बिडीच्या पुडक्याच्या कागदावर तिन्ही अटी लिहून दिल्या. त्यानं कागद घडी घालून टोपीत ठेवला. त्याला काही मिळणार नाही हे मला दिसत होतं. त्याच्याकडे आता द्यायला काही उरलेलं नव्हतं. माझ्याकडे होतं तेव्हा मी ते धरून बसलो, आणि त्यानं ते देऊन टाकलं, आणि आम्ही दोघं त्याच टपरीवर त्याच बाकावर बसलो होतो. यातून काय शिकायचं, हे मी पुष्कळ रात्री विचारून पाहिलं आहे. मला काही सापडत नाही.

मुलाला मी लगेच सांगितलं नाही. चार रविवार मी म्हणत राहिलो की चाललंय, होईल. पाचव्या रविवारी त्यानं विचारलंच नाही. नातीशी बोलला, सुनेशी जास्त वेळ बोलला, मला फक्त तब्येत विचारली. तेव्हा मला कळलं की त्याला कळलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला. तिथं दोन खोल्या घेतल्या होत्या, शाळेत नातीचं नाव घातलं होतं. सामान न्यायला माझी गाडी घे म्हणालो तर नको म्हणाला, तुमची खेप बुडेल. त्यानं बाहेरून पिकअप आणली. कपाट चढलं, शिलाई मशीन चढलं, नातीची तीनचाकी चढली. बायको लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून देत होती आणि परत काढून पुन्हा गुंडाळत होती. मी दोर बांधला. दोर मला चांगला बांधता येतो, त्यामुळे त्यात जास्त वेळ घालवता आला.

दोराचं दुसरं टोक ओढताना मुलगा माझ्याजवळ आला. मी त्याला म्हणालो, "अटी काय वंगाळ न्हवत्या रे."

"न्हवत्या, आण्णा," तो म्हणाला. "बरोबर व्हत्या. पन मला अटी नको व्हत्या. मला काम पायजे व्हतं."

त्यानं गाठ ओढून बघितली. पक्की होती.

नात आईच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसली. मुलगा कडेला बसला आणि त्यानं दार लावून घेतलं. पिकअप गल्लीतून निघाली, मारुतीच्या पारापाशी वळली आणि मग गायरानाच्या कडेच्या रस्त्याला लागली. तो रस्ता सरळ आहे, आमच्या ओट्यावरून महामार्गापर्यंत सगळा दिसतो. खिडकीतून मुलाचं कोपर बाहेर होतं. मी त्या कोपराकडे बघत होतो. डोकं एकदा बाहेर येईल, एकदा वळेल, असं मला वाटत होतं. दगडांच्या ढिगाऱ्यापर्यंत आलं नाही. महामार्गापाशी गाडी थांबली, समोरून ट्रक जात होते म्हणून बराच वेळ थांबली. तेव्हाही आलं नाही. त्याला मीच शिकवलं होतं.

बाजारात अशा वेळी काय करतात, हे मला ठाऊक आहे. ज्याला गरज असते तो हाक मारतो. गाडी अजून तिथंच होती आणि वारा तिच्याच दिशेनं होता. खिशात मोबाईलही होता. बायको माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी दस्ती खांद्यावरून काढली, तिची घडी केली आणि पुन्हा खांद्यावर टाकली. तोवर रस्ता मोकळा झाला आणि पिकअप महामार्गाला लागली.